फील्डवर्कसाठी हातातलं जीपीएस कोणतं घ्यावं? खानदेशाच्या मोजणीच्या इतिहासातून एक उत्तर

पेट झाली, गाईड मिळाले, सिनॉप्सिस लिहायला घेतला, की इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा एक प्रश्न हमखास येतो: "डोंगरात फिरावं लागणार आहे, जीपीएस कोणतं घेऊ? की मोबाइलवर भागेल?" गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला, की एकदाच सविस्तर लिहून टाकावं म्हटलं.

यंत्राचं नाव शेवटी सांगतोच. पण त्याआधी थोडा इतिहास बघू. माझं काम खानदेशातल्या मोजणीच्या इतिहासावर आहे आणि त्यातून एक गोष्ट पक्की समजली आहे: अक्षांश-रेखांश हासुद्धा एक दस्तऐवज आहे. मोडी कागद हातात आला की आपण विचारतो, लिहिला कोणी, कधी, कशासाठी? अक्षांश-रेखांशांनाही तेच विचारायचं. कोणी घेतले, कोणत्या साली, कोणत्या यंत्राने, आणि चूक किती असू शकते? या प्रश्नांची उत्तरं नोंदवता येतील असं यंत्र चांगलं. बाकी सगळा जाहिरातीचा भाग.

मुळात आपल्याला ते लागतं कशाला?

ट्रेकरला जीपीएस लागतं ते वाट चुकू नये म्हणून. आपल्यालाही वाट चुकायची नसतेच, पण आपली खरी गरज वेगळी आहे. आपण आज पाहिलेली जागा वीस वर्षांनी दुसऱ्या संशोधकाला सापडली पाहिजे.

खानदेशात हे किती अवघड आहे ते बघा. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे त्यांचेच जळगाव आणि धुळे जिल्हे झाले. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं. म्हणजे जुन्या अहवालात 'पश्चिम खानदेश' किंवा 'धुळे जिल्हा' असं लिहिलेली जागा आज नंदुरबारात असू शकते. प्रकाशे घ्या. तापीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन स्थळाचं उत्खनन बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये केलं तेव्हा ते पश्चिम खानदेशात होतं, आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेलं मणिबेली गाव बुडालं तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. आता तिथे तालुका, गाव, गट नंबर यांपैकी काहीच दाखवता येत नाही. उरतात ते फक्त अक्षांश आणि रेखांश.

चाळीसगावजवळच्या पाटणे इथे एस. ए. साळी यांना पुराश्मयुगातलं कोरीव शहामृगाच्या अंड्याचं कवच मिळालं. अशा जुन्या सर्वेक्षणांत जागेची खूण 'गावाच्या अमुक दिशेला, नाल्याच्या डाव्या काठावर' अशी दिलेली असते. नाला सरकतो, शेत सपाट होतं, गावठाण वाढतं. मग खूण हरवते आणि तिच्याबरोबर पुरावाही.

सावलीने जागा मोजणारे

पाटणे म्हटलं की इतिहासाच्या विद्यार्थ्याला पाटणादेवीचा शिलालेख आठवतो. इ.स. १२०७ चा हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या आणि इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातल्या स्थानिक राजांनी त्याला दान दिलं, असं त्यात आहे. म्हणजे 'मी पृथ्वीवर नेमका कुठे आहे' हा प्रश्न शिकवण्याची सोय आजच्या जळगाव जिल्ह्यात आठशे वर्षांपूर्वी होती.

पद्धत अशी: सपाट जमिनीवर १२ अंगुळांचा शंकू उभा करायचा आणि विषुवदिनी मध्यान्ही त्याची सावली मोजायची. या सावलीला पलभा म्हणतात. पलभा भागिले १२ म्हणजे अक्षांशाची टॅन्जंट. जळगाव जवळपास २१ अंश उत्तरेला आहे, तेव्हा इथे सावली सुमारे ४.६ अंगुळं भरते.

आता यातली चूक काढू. सावलीची कड पुसट असते, त्यामुळे अंगुळाच्या दहाव्या भागाची गफलत सहज होते. तेवढ्याने अक्षांश जवळजवळ ०.४ अंशाने बदलतो. जमिनीवर हे अंतर होतं सुमारे ४६ किलोमीटर! एक निरीक्षण घेऊन थांबलो तर जळगाव की अजिंठ्याचा डोंगर, हेसुद्धा खात्रीने सांगता येणार नाही. म्हणूनच पुन्हा पुन्हा निरीक्षण घेणं, मोठं यंत्र वापरणं आणि गणित पक्कं करणं याला त्या परंपरेत महत्त्व होतं.

पृथ्वीचा परिघ काढण्याचा मार्गही त्यातच आहे. एकाच रेखावृत्तावरची दोन गावं घ्यायची, त्यांच्या अक्षांशांतला फरक काढायचा, मधलं अंतर मोजायचं आणि त्रैराशिक मांडायचं. भास्कराचार्य परिघ ४९६७ योजने देतात. भारतीय ज्योतिषाचं मध्यरेखावृत्त उज्जैनचं. आजच्या नकाशात उज्जैनहून सरळ दक्षिणेला बोट फिरवत या, ते भुसावळच्या अगदी जवळ येतं. दोन्ही ठिकाणांत सुमारे २३६ किलोमीटर अंतर आहे, आणि पलभेत फरक फक्त अर्ध्या अंगुळाचा.

याच ग्रंथाच्या यंत्राध्यायात भास्कराचार्य बरीच यंत्रं सांगतात आणि शेवटी 'धीयंत्र' सांगतात. हे यंत्र म्हणजे एक साधी काठी आणि ती धरणाऱ्याची बुद्धी. महागडं यंत्र घ्यायच्या बेतात असलेल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

साखळी आली, आणि खानदेश पेटला

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. जमिनीची मोजणी त्याआधीही होत होती. पाच हात आणि पाच मुठींची काठी, २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा, हे हिशेब जुनेच. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात आणलेल्या रेव्हेन्यू सर्व्हेने काठीच्या जागी साखळी आणली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांचं काम १८३५ च्या सुमारास इंदापुरातून सुरू झालं आणि १८४७ च्या जॉइंट रिपोर्टने त्याला पक्की चौकट मिळाली.

ही साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांत विभागलेली. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एक एकर. सातबाऱ्यावर आजही जो गुंठा आपण म्हणतो, तो या साखळीतून आलेला आहे. साखळीचा एक आणा म्हणजे सुमारे ६३ सेंटिमीटर. टिपणात शेताच्या मधून एक सरळ रेषा धरून दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांपर्यंतची लंब अंतरं साखळी-आण्यांत लिहिलेली असतात.

इथे थोडं थांबून तुलना करा. आजचं हातातलं साधं जीपीएस उघड्या आकाशाखाली तीन ते पाच मीटरपर्यंत जागा दाखवतं. म्हणजे १८५० च्या दशकातला साखळीवाला दोन बांधांमधलं अंतर आपल्या यंत्रापेक्षा बारकाईने मोजत होता! मात्र ते शेत पृथ्वीच्या पाठीवर नेमकं कुठे आहे, हे त्याच्या टिपणातून कळत नाही. शेजाऱ्याच्या बांधापासून किती, एवढंच कळतं. जीपीएसचं नेमकं उलटं. 'पृथ्वीवर कुठे' हे ते चटकन सांगतं, 'या दगडापासून त्या दगडापर्यंत किती' यात कच्चं पडतं. यंत्र निवडताना आपला प्रश्न यांपैकी कोणता, हे आधी ठरवायचं असतं.

या साखळीला खानदेशाने मुकाट्याने मान्यता दिली नाही. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत मोजणीविरुद्ध लोक मोठ्या संख्येने जमले, काम अडलं आणि सरकारला फौज आणावी लागली. शेतात साखळी पडली की सारा वाढणार, ही भीती त्यामागे होती. या उठावाकडे 'अडाणी शेतकऱ्यांचा यंत्राला विरोध' म्हणून पाहणं सोपं आहे. पण शेतकऱ्याला जे कळलं होतं ते बरोबरच होतं: मोजणारा कोण आणि मोजून झाल्यावर कागद कोणाकडे राहणार, यावर त्याचा संसार अवलंबून होता. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

एव्हरेस्टची पृथ्वी आणि उपग्रहाची पृथ्वी

शेत मोजायला साखळी पुरते, पण सगळा देश एका नकाशात बसवायला त्रिकोणमिती लागते. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते काम उत्तरेकडे नेलं. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे थोडी चपटी आहे, म्हणून नकाशासाठी तिचा एक गणिती आकार गृहीत धरावा लागतो. एव्हरेस्टने १८३० मध्ये दिलेला आकार भारतीय उपखंडाला चांगला बसत होता. मध्य प्रदेशात सिरोंजजवळचं कल्याणपूर हे या साऱ्या जाळ्याचं मूळ ठिकाण ठरलं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट याच पायावर उभ्या आहेत.

जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस ८४ नावाचा दुसरा आकार वापरतं. तो सगळ्या पृथ्वीला मिळून बसवलेला आहे. त्यामुळे एकाच देवळाचे जुन्या टोपोशीटवरचे अक्षांश-रेखांश आणि जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश जुळत नाहीत. खानदेशात हा फरक सुमारे शंभर-सव्वाशे मीटरचा येतो. जुन्या शीटवरून आकडे उतरवून यंत्रात भरले तर तुम्ही नाल्याच्या पलीकडे जाऊन उभे राहाल आणि 'अवशेष नष्ट झाले' असं वहीत लिहून परत याल. प्रबंधात अशी वाक्यं वाचली की मला आधी डेटमची शंका येते.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर आलेल्या ओपन सीरीज नकाशांत डब्ल्यूजीएस ८४ वापरलं आहे. तेव्हा शीट हातात आली की समासातली बारीक अक्षरं वाचायची: एव्हरेस्ट की डब्ल्यूजीएस? यंत्र नेहमी डब्ल्यूजीएस ८४ वरच ठेवा, जुन्या शीटचं रूपांतर घरी क्यूजीआयएसमध्ये करा. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आपल्या भागाच्या शीट शोधायला सोपं जावं म्हणून सांगतो: धुळे आणि साक्री ४६ एल मध्ये, शिरपूर ४६ के मध्ये, यावल ४६ ओ मध्ये येतं. यूटीएम पद्धत वापरणार असाल तर सगळा खानदेश ४३ व्या झोनमध्ये बसतो, त्यामुळे झोन बदलायची कटकट नाही.

२ मे २००० च्या आधीचे आकडे

जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. ही अमेरिकी लष्कराची यंत्रणा. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअरलाइन्सचं विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. त्यानंतर ही यंत्रणा नागरी वापरासाठी खुली करण्याची घोषणा झाली. १९८९ मध्ये मॅगेलन कंपनीचं हातात धरायचं यंत्र बाजारात आलं. त्याच वर्षी गॅरी बरेल आणि मिन काओ यांनी पुढे गार्मिन म्हणून ओळखली गेलेली कंपनी सुरू केली. १९९५ मध्ये यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालू झाली.

पण नागरी वापरकर्त्यांसाठीचा संदेश मुद्दाम बिघडवलेला होता. चूक १०० मीटरपर्यंत जायची. १ मे २००० ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी हा बिघाड काढून टाकण्याचं जाहीर केलं आणि त्याच रात्री जगभरच्या यंत्रांची अचूकता सुधारली. यंत्रं तीच होती, फक्त आकाशातला संदेश स्वच्छ झाला.

आपल्यासाठी याचा अर्थ साधा आहे. १९९० च्या दशकात साध्या यंत्राने घेतलेले अक्षांश-रेखांश कुठे छापलेले दिसले तर त्यांत १०० मीटरची चूक धरून चालायचं. त्या जागेभोवती तेवढ्या त्रिज्येत शोध घ्यायचा. २००० नंतरच्या आकड्यांसाठी वेगळी फूटपट्टी. कागदावरची शाई ओळखावी तसं आकड्याचं साल ओळखायला शिका.

भारताची स्वतःची यंत्रणाही आता आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला, २०१६ मध्ये सातवा गेला आणि यंत्रणेला 'नाविक' हे नाव मिळालं. सुरुवातीच्या नाविक उपग्रहांचे संदेश एल ५ आणि एस पट्ट्यांवर होते. साधी यंत्रं आणि मोबाइल मुख्यतः एल १ पट्टा ऐकतात, म्हणून नाविक सगळ्यांना मिळत नव्हतं. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ पासून एल १ ची सोय आली.

सातपुड्यातला प्रश्न: रेषा कोणाची?

आता १८५२ चा धागा पुन्हा घेऊ. २००६ चा वनहक्क कायदा आला आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना चार हेक्टरपर्यंत हक्क मागता येऊ लागला. यावल, चोपडा, रावेर, शिरपूर, साक्री या पट्ट्यांत असे दावे दाखल झाले. दावा म्हटला की क्षेत्र आलं, क्षेत्र म्हटलं की मोजणी आली, आणि या वेळी साखळीच्या जागी हातातलं जीपीएस होतं.

दोन एकरांचं साधारण चौकोनी शेत धरा, प्रत्येक बाजू ९० मीटर. यंत्र घेतलेला माणूस बांधावरच्या बोरी-बाभळीचे काटे टाळत तीन मीटर आतून चालला, तर बाजू ८४ मीटरची होते आणि क्षेत्र सुमारे दहा गुंठ्यांनी कमी भरतं. दोन एकरांतले दहा गुंठे! यात उपग्रहाचा काही दोष नाही. यंत्राची नेहमीची चूक सगळ्या कोपऱ्यांना बरीचशी सारखीच सरकवते, त्यामुळे शेत नकाशात थोडं बाजूला दिसतं पण क्षेत्र फारसं बदलत नाही. क्षेत्र बदलतं ते चालणाऱ्याच्या पावलांनी, दाट झाडीत किंवा घळीत उड्या मारणाऱ्या आकड्यांनी, आणि यंत्राने दर दहा-वीस मीटरलाच बिंदू घेतल्यामुळे कापल्या जाणाऱ्या कोपऱ्यांनी. शिवाय डोंगरउतारावर जीपीएस आडवं क्षेत्र देतं. ३० अंशांच्या उतारावर पायाखालची जमीन त्याहून १५ टक्के जास्त असते. मोजणीचा नियम आडव्या क्षेत्राचाच आहे, पण रोज त्या उतारावर नांगर धरणाऱ्याला हे कोणी समजावून सांगितलं नाही, तर त्याला आपली जमीन चोरीला गेल्यासारखीच वाटणार.

सप्टेंबर २०१२ मध्ये या कायद्याच्या नियमांत दुरुस्ती झाली. उपग्रहचित्रं आणि इतर तंत्रज्ञान बाकीच्या पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येतील, त्यांची जागा घेऊ शकणार नाहीत, असं त्यात स्पष्ट केलं आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांचं निवेदन, जुनी विहीर, थडगी, देवस्थानं हेही पुरावेच. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही तरतूद पाठच करावी. मौखिक पुरावा आणि यंत्राचा आकडा यांना एका पंगतीत बसवणारा इतका स्पष्ट सरकारी मजकूर सहसा सापडत नाही. सीमेपलीकडे गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात 'आर्च' या संस्थेने गावातल्या तरुणांनाच जीपीएस चालवायला शिकवलं. मोजणारा कोण, हा १८५२ चा प्रश्न त्यांनी यंत्र गावाच्या हातात देऊन सोडवायचा प्रयत्न केला.

उद्या तुम्ही सातपुड्यात फिराल, एखाद्या पाड्याजवळ जुन्या वस्तीची जागा नोंदवाल, आणि तुमचा आकडा कोणाच्या तरी दाव्याच्या बाजूने किंवा विरुद्ध वापरला जाईल. म्हणून 'अंदाजे बरोबर आहे' म्हणून चालत नाही. किती अंदाजे, हे लिहावं लागतं.

तर मग कोणतं घ्यायचं?

विकत घेण्याआधी आपल्या विद्यापीठात किंवा कॉलेजात भूगोल विभागाकडे चौकशी करा. यंत्र कपाटात पडून असण्याची शक्यता बरीच असते. घ्यायचंच असेल तर पुढचे प्रश्न विचारा.

१. उन्हात पडदा दिसतो का? जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो. मोबाइल तापतो, पडदा मंद करतो, कधी बंदच पडतो. गार्मिन ईट्रेक्ससारख्या यंत्रांचा पडदा उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसतो.

२. वीज कुठून येणार? ईट्रेक्स मालिकेतली अनेक यंत्रं दोन पेन्सिल सेलवर सुमारे २५ तास चालतात. पेन्सिल सेल पाड्यावरच्या दुकानातही मिळतो, पॉवर बँक चार्ज करायला लाइट मिळेलच असं नाही. चार दिवसांच्या कामासाठी माझ्या मते हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

३. नकाशा भरता येतो का? ईट्रेक्स १० स्वस्त आणि दणकट आहे, पण त्यात स्वतःचे नकाशे भरता येत नाहीत. फक्त बिंदू नोंदवायचे असतील तर ते पुरतं. जुनी टोपोशीट यंत्रात टाकून जुन्या वाटा शोधायच्या असतील तर ईट्रेक्स २२एक्स किंवा त्यावरचं घ्या.

४. उंची महत्त्वाची आहे का? किल्ले आणि घाट हा विषय असेल तर हवेच्या दाबावरून उंची सांगणारं यंत्र बरं, उदाहरणार्थ ईट्रेक्स ३२एक्स. नुसत्या उपग्रहावरून मिळणारी उंची आडव्या जागेपेक्षा कच्ची असते. मोबाइलच्या काही ॲपमध्ये आणखी एक गंमत होते. ती समुद्रसपाटीऐवजी गणिती आकारापासूनची उंची दाखवतात, आणि आपल्याकडे हा फरक पन्नास-साठ मीटरचा आहे. जळगाव शहर साधारण २०० मीटर उंचीवर आहे, तिथे ॲप १५० च्या आत-बाहेर दाखवू लागलं तर घाबरू नका, फक्त कोणती उंची ते लिहा.

५. झाडी आणि घळी किती? पितळखोऱ्यासारख्या कड्यांच्या घळीत आकाशाचा एक पट्टाच दिसतो आणि उपग्रहाचा संदेश खडकावर आपटून यंत्रापर्यंत येतो. अशा कामाला दोन पट्ट्यांवरचे संदेश घेणारी यंत्रं, जसं जीपीएसमॅप ६५, जास्त भरवशाची. ते परवडत नसेल तर काम उन्हाळ्याच्या तोंडावर करा, तेव्हा सागाची पानं झडलेली असतात. किंवा सरळ टिपणाची जुनी युक्ती वापरा: उघड्या जागी बिंदू घ्या आणि तिथून लेण्यापर्यंतची दिशा होकायंत्राने व अंतर टेपने मोजा.

६. संदेश पाठवणारं यंत्र घेऊ का? नको. गार्मिनची इनरीच यंत्रं उपग्रहामार्फत संदेश पाठवतात आणि भारतात अशी साधनं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. परदेशी पर्यटकांना यावरून विमानतळावर अटक झालेली आहे. परदेशातले नातेवाईक 'भेट म्हणून आणतो' म्हणाले तरी नम्रपणे नको म्हणा.

आणि मोबाइल? शहरातल्या वास्तू, गावठाणातली देवळं, लळिंग किंवा सोनगीरसारखे हमरस्त्याजवळचे किल्ले यांसाठी आजचा चांगला मोबाइल पुरेसा आहे. फोटो, ध्वनिमुद्रण आणि जागा एकत्र ठेवायला तो सोयीचाही पडतो. पण सलग चार दिवस सातपुड्यात असाल तर यंत्र वेगळं आणि मोबाइल पिशवीत बंद, हे बरं. फुटला तर बोलणंही बंद होतं आणि नोंदीही जातात. अभयारण्यात जायचं असेल तर मात्र यंत्र कोणतंही असो, वन विभागाची लेखी परवानगी आधी.

वहीत काय लिहायचं

यंत्रापेक्षा वही महत्त्वाची. प्रत्येक बिंदूसाठी तारीख, वेळ, यंत्राचं मॉडेल, डेटम, यंत्राने दाखवलेली अचूकता आणि आकाश उघडं होतं की झाकलेलं, एवढं लिहा. एकच नोंद घेऊन निघू नका. दोन-चार मिनिटं थांबून सरासरी घेण्याची सोय बऱ्याच यंत्रांत असते, आणि शक्य असेल तर परतताना तोच बिंदू पुन्हा घ्या.

आकडे लिहिण्याची पद्धत एकच ठेवा. यंत्र २० अंश ३५.४० मिनिटं दाखवत असेल आणि तुम्ही ते २०.३५४० अंश म्हणून उतरवलं, तर जागा सुमारे २६ किलोमीटर दक्षिणेला जाते, कारण ३५.४० मिनिटं म्हणजे ०.५९ अंश. दशांश अंशांत लिहायचं ठरवलं तर पाच स्थळं पुरेत, पाचवं स्थळ जवळपास एक मीटरचं असतं. पाच मीटर चुकणाऱ्या यंत्राचे आठ-आठ दशांश प्रबंधात छापणं म्हणजे खोटी अचूकता.

जागेचं नाव लोक म्हणतात तसंच घ्या, अहिराणी असो, पावरी असो की भिल्ली. बहुतेक यंत्रांत देवनागरी लिहिता येत नाही, म्हणून यंत्रात नुसता क्रमांक आणि वहीत पूर्ण नाव, कोणी सांगितलं त्यासकट.

आणि सगळंच छापू नका. गुप्तधनासाठी खणणारे आपल्या प्रबंधांचे वाचक असू शकतात. उघड्यावर पडलेली शिल्पं, ताम्रपाषाणयुगीन पांढरीची टेकाडं, देवराया, आणि ज्यांच्या जमिनीचा वाद चालू आहे अशा लोकांची शेतं यांचे नेमके आकडे विभागाकडे जमा करा. छापताना दोनच दशांश स्थळं ठेवा, म्हणजे साधारण एक किलोमीटरपर्यंतची जागा कळेल. पूर्ण आकडे कोणाकडे मिळतील ते तळटीपेत लिहा.

सिनॉप्सिसच्या संशोधन पद्धतीच्या भागात 'जीपीएसच्या साहाय्याने सर्वेक्षण केले जाईल' एवढंच एक वाक्य बहुतेक जण लिहितात. त्याऐवजी चार ओळी लिहा: कोणतं यंत्र, कोणतं डेटम, किती चूक धरली आहे, कोणती जागा का छापणार नाही. व्हायव्हाला या चार ओळींवर कोणी प्रश्न विचारला तर उत्तर देताना मजाच येईल, आणि नाही विचारला तरी वीस वर्षांनी तुमची वही उघडणाऱ्याला ती जागा सापडेल.